रेवदंडा ते राजपुरी : सायकलवरून आपल्या मुलखात

अलिबागहून दक्षिणेला निघालेला रस्ता नागाव, चौल असा नारळी-पोफळीच्या वाड्यांतून 17 किलोमीटर येतो आणि रेवदंड्याला थेट किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरतो. तटाच्या आत गाव आहे, घरं आहेत, वाड्या आहेत. एका बाजूला अरबी समुद्र आणि दक्षिणेला कुंडलिका नदीची खाडी. मोटारीने काशीद-मुरूडला जाणारे लोक हा दरवाजा हॉर्न वाजवत पार करतात आणि पाच मिनिटांत साळावच्या पुलावर पोचतात. रेवदंडा त्यांच्या लेखी रस्त्यातलं एक अरुंद वळण असतं.

गेल्या काही हिवाळ्यांत आम्ही हा मुलूख सायकलवरून पाहत आलो आहोत. आम्ही म्हणजे घरातली चौघं : आम्ही दोघं, नववीत शिकणारी लेक आणि कॉलेजात जाणारा भाचा. कधी मुंबईहून पाहुणे येतात, मग सहा-सात होतो. या महिन्यात मुलांना सुट्ट्या लागतील. कुठे जावं, खर्च किती येईल, मुलींना नेता येईल का, असे प्रश्न घरोघरी निघतील, म्हणून हा मार्ग लिहून काढत आहोत.

जाड टायरची सायकल

हल्ली 'ग्रॅव्हल बाईक' नावाची सायकल दुकानांत दिसते. दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी, वाकलेल्या हँडलची, पण टायर जाड, साधारण 40 मिलिमीटरचे. डांबरावरही पळते आणि खडी, मुरूम, मातीवरही घसरत नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाच्या कच्च्या रस्त्यांवर 2006 पासून हिची मोठी शर्यत होते. 2022 साली इटलीत पहिली जागतिक स्पर्धाही झाली.

पण किमती ऐकून कुणी घाबरू नये. आपल्या अब्बा-चाचांच्या काळ्या सायकली आठवा, दुधाच्या बरण्या आणि माशांच्या पाट्या वाहणाऱ्या. त्यांचे 28 बाय दीड इंची टायर जवळजवळ याच जाडीचे होते. कोकणातल्या कच्च्या वाटांवर ती सायकल पन्नास-साठ वर्षं चालली, फक्त तिला कुणी इंग्रजी नाव दिलं नव्हतं. आमच्याकडे दोन साध्या हायब्रीड सायकली आहेत, एक जुनी दुरुस्त केलेली आणि एक भाड्याची. चारही या मार्गावर व्यवस्थित चालतात. हवा मात्र गच्च भरू नये. डांबरावर 60-65 पौंड चालते, जांभ्याच्या खडीवर 40-45 पौंड ठेवली तर हात झिणझिणत नाहीत.

पहिली वाट : चौलच्या वाड्या

पहिल्या दिवशी लांब जायचं नाही. रेवदंड्याहून चौल आणि परत, फिरत फिरत 10-12 किलोमीटर. मुख्य रस्ता सोडून वाड्यांमधल्या गल्ल्या धरायच्या. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, वर सुपारीची सावली, खाली पानगळ आणि लाल माती. काही वाड्यांत विहिरीवर जुने रहाट अजून उभे आहेत. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या झोडपून काढल्या. सुपारीचं झाड लावल्यावर उत्पन्न द्यायला बरीच वर्षं घेतं. त्या दिवशी जे पडलं ते काही घरांत अजून भरून आलेलं नाही. बागेतली मोकळी जागा दिसली की समजावं, तिथे झाडं होती.

चौल म्हणजे जुनं बंदर. ग्रीक लोकांच्या लिखाणात ते 'सिमुल्ला' अशा नावाने येतं, अरबांच्या लिखाणात 'सैमूर' म्हणून. बगदादचा प्रवासी अल-मसऊदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, इथे आला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की या एका गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कुणी सिराफचे, कुणी उमानचे, कुणी बसऱ्याचे, कुणी बगदादचे. राज्य शिलाहार घराण्याच्या राजाचं होतं आणि त्यावर राष्ट्रकूटांची सत्ता. मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे, त्याला 'हुनरमन' म्हणत. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी, दिल्लीत सुलतान यायच्या कितीतरी आधी, इथे अजान होत होती, आणि ती इथल्या हिंदू राजाच्या परवानगीने, व्यापाराच्या ओघात होत होती.

मसऊदीने आणखी एक शब्द दिला आहे, 'बयासिरा'. मुसलमान आई-बापांच्या पोटी हिंदच्या जमिनीवर जन्मलेले, असा त्याचा अर्थ तो सांगतो. बाहेरून आलेले वेगळे आणि इथेच जन्मलेले वेगळे, हे त्याने त्या काळातच नोंदवलं.

चौलमध्ये जुन्या हमामखान्याची पडकी इमारत आहे. आसपास झाडोरा माजलेला, भिंतींना वडा-पिंपळाची मुळं. तिथे सायकली टेकवून आम्ही मुलांना हे सगळं सांगितलं. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अम्मी, वर्गात मला विचारतात ना, तुम्ही मूळचे कुठले म्हणून? मग मी बयासिरा असं सांगू?" भाचा हसला. आम्हाला मात्र हसू आलं नाही. हा प्रश्न आपल्या बहुतेक मुलांना कधी ना कधी ऐकावा लागतो. कधी भाबडेपणाने, कधी टोचून. त्याचं उत्तर घरात भांडून किंवा मोबाईलवर वाद घालून मिळत नाही. अशा एखाद्या भिंतीला हात लावल्यावर, ती गावाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे आणि तिच्या शेजारी कोण राहतं हे पाहिल्यावर, मुलाच्या मनात ते आपोआप तयार होतं.

शेजार तर किती जुना! जवळच रामेश्वराचं देऊळ आणि त्याची पुष्करणी, टेकडीवर दत्ताचं स्थान. रेवदंड्यात बेने इस्राएल समाजाचं सिनेगॉग आहे, 1842 साली बांधलेलं. हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घरात मराठी बोलत. 1948 नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. आता गावात त्यांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

किल्ला आणि एक रशियन मुसाफिर

रेवदंड्याचा किल्ला पोर्तुगिजांचा. निजामशाहीकडून परवानगी मिळवून त्यांनी 1520 च्या सुमारास तो उभा केला. त्याआधी 1508 मध्ये चौलच्या समोरच मोठी आरमारी लढाई झाली होती. मिसरच्या ममलूक सुलतानाचं आरमार अमीर हुसैनच्या हाताखाली आलं, गुजरातचा मलिक अय्याज त्याच्या मदतीला होता, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. पण समुद्रावरचा ताबा अखेर पोर्तुगिजांकडेच गेला. पुढे हजला जाणाऱ्या जहाजांनासुद्धा त्यांचा परवाना घ्यावा लागे. 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशाहने चौलला वेढा घातला, तो फसला. 1740 मध्ये हा किल्ला मराठ्यांकडे आला. आज तटाच्या आत फिरलं की वाड्यांमध्येच चर्चच्या भिंती आणि तोफा दिसतात. सात मजल्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला 'सातखणी' मनोरा अर्धामुर्धा उभा आहे. तटाच्या आतल्या पायवाटा सायकलला उत्तम. शेवाळ असेल तिथे उतरून चालावं.

गावातल्या एका शाळेच्या आवारात एक दगडी स्मारक आहे, अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं, 2002 साली बसवलेलं. हा माणूस 1469 च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा गलबतात घालून चौलला उतरला. तेव्हा इथे बहमनी राज्य होतं. चौलहून तो पालीमार्गे जुन्नरला गेला. जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि इस्लाम कबूल कर, तर परत देतो, म्हणाला. निकितिन हवालदिल झाला. तेव्हा खुरासानचा एक ख्वाजा मुहम्मद मध्ये पडला आणि त्याने घोडा सोडवून दिला, धर्म बदलण्याची अटही काढून टाकली. एका मुसलमान हाकिमाने जबरदस्ती केली आणि दुसऱ्या मुसलमानाने ती चूक दुरुस्त केली. दोन्ही गोष्टी निकितिनने प्रामाणिकपणे लिहिल्या. परदेशात आपल्या सणांचा हिशेब चुकला तेव्हा त्याने मुसलमानांबरोबर त्यांच्या महिन्यात रोजे धरले, आणि आपल्या नोंदींचा शेवट अरबी-तुर्की शब्दांतल्या दुआने केला. मुलांना ही हकीकत जरूर सांगावी. दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे पाठ करणं सोपं असतं. ते कुणासाठी तरी उभं राहून पाळावं लागतं, हे ख्वाजा मुहम्मदकडून शिकावं.

दुसरी वाट : खाडी ओलांडून कोर्लई

दुसऱ्या दिवशी फजरनंतर लगेच निघायचं. साळावचा पूल उजाडता उजाडता ओलांडावा, कारण तो अरुंद आहे आणि सुट्टीच्या दिवशी आठनंतर मोटारींची रांग लागते. पूल जुना झाला आहे, जड वाहनांना त्यावर वेळोवेळी बंदी घालावी लागली आहे. रेवस ते रेडी या सागरी महामार्गात इथे नवा पूल होणार आहे.

पूल संपला की समुद्राच्या कडेने कोर्लई. समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगरावर किल्ला, पायथ्याशी कोळीवाडा, आणि डोंगराच्या कडेने दीपगृहाकडे जाणारी खडबडीत वाट. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला पाणी. जाड टायरचा उपयोग इथे खरा कळतो. कोळीवाड्यात बोंबील आणि जवळा वाळत घातलेला असतो, त्यावरून चाक जाऊ देऊ नये. ती त्यांची कमाई आहे. आम्ही सायकली हातात धरून चाललो, तर एक मावशी म्हणाली, "बसून जा रे, वाट मोठी हाय." तिने आपली पाटीही बाजूला सरकवली.

कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत एक वेगळीच भाषा बोलतात. पोर्तुगीज शिपाई आणि इथली माणसं यांच्या सहवासातून ती चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी जन्मली. शब्द बरेचसे पोर्तुगीज आणि वळण मराठीच्या संगतीत बदललेलं. पोर्तुगीज 1740 मध्ये गेले, भाषा राहिली. ती बोलणारे हजाराच्या आसपास असतील. बाहेर मराठी आणि घरात ही बोली. आपल्याकडेही घरात कोकणी बोली, मदरशात उर्दू आणि शाळेत मराठी असते. त्यामुळे आमच्या मुलांना यात नवल वाटलं नाही. एकाच जिभेवर दोन-तीन भाषा राहू शकतात आणि कुणी कुणाला ढकलत नाही, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

तिसरी वाट : काशीद, फणसाड

कोर्लईपुढे बोर्ली आणि मग काशीद, रेवदंड्याहून सुमारे 17-18 किलोमीटर. सुरूच्या बनात विसावा चांगला. काशीदचा समुद्र देखणा, पण दगाबाज आहे. इथे बुडून जीव गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. मुलांना गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ देऊ नये, ओहोटीच्या वेळी तर मुळीच नाही.

काशीदच्या मागच्या डोंगरात फणसाड अभयारण्य आहे. पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं, 1986 मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र 50 चौरस किलोमीटरहून अधिक. शेकरू, भेकर, सांबर, बिबट्या आहेत. गारंबीचे जाडजूड वेल झाडांवर चढलेले असतात, त्यांच्या शेंगा हातभर लांब. रानातल्या पाणवठ्यांना इथे 'गाण' म्हणतात. शिरायचं ते सुपेगावच्या बाजूने, वनखात्याची परवानगी घेऊन, फी भरून, ते सांगतील त्याच वाटेने. सायकल कुठपर्यंत नेता येईल हे तिथल्या रक्षकाला विचारावं आणि ऐकावं. गाणी वाजवू नयेत, प्लास्टिक टाकू नये. हजरत पैगंबर (स.) यांनी वाटेतला काटा दूर करण्याला सदका म्हटलं आहे. मग आपण चिप्सचं पाकीट टाकून पुढे गेलो, तर त्याला काय म्हणायचं?

सकाळी सहा-सातला रानाच्या कडेने सायकल चालवताना टायरखाली खडीचा आवाज आणि मधूनच शेकरूची हाक, एवढंच ऐकू येतं. भाचा दिवसभर कानात तारा घालून असतो. त्या तासाभरात त्याने त्या काढून खिशात ठेवल्या. आम्ही काही बोललो नाही.

मुरूड, खोकरी, राजपुरी

रेवदंडा ते मुरूड अंतर सुमारे 33 किलोमीटर. कोर्लईत आणि काशीदला थांबत गेलो तरी जोहरला मुरूडच्या बाजारातल्या मस्जिदीत पोचता येतं. आपल्या शाफई मसलकात कसर नमाजसाठी अंतर 80 किलोमीटरच्या वर लागतं. म्हणून या सफरीत नमाज पूर्ण पढायची. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी आपल्या आलिमसाहेबांना विचारून घ्यावं.

मुरूडहून राजपुरी 5 किलोमीटर. तिथून शिडाच्या होडीने जंजिरा पाहता येतो. हबशातून, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी सरदारांनी राखलेला, कुणालाही न जिंकता आलेला हा जलदुर्ग सगळ्यांना ठाऊक आहे. पण राजपुरीजवळच खोकरीला सिद्दी नवाबांचे तीन दगडी मकबरे आहेत, तिकडे फार थोडे जण वळतात. सर्वांत मोठा सिरुलखानाचा. शेजारचे दोन सिद्दी कासम आणि खैरियतखान यांचे. आम्ही गेलो तेव्हा तिथे एक गुराखी आणि त्याच्या चार म्हशी, एवढेच होते. फातिहा पढून आम्ही ओट्यावर बसलो. मुलांनी सांदण आणि उकडलेली अंडी खाल्ली.

परतीला होडीवाल्या चाचांनी चहा पाजला. त्यांचा थोरला मस्कतला आहे, धाकटा कुवेतला. "दोघं विमानाने येतात, टॅक्सीने घरी येतात, पंधरा दिवस राहतात आणि जातात. खोकरी त्यांनी शेवटची कधी बघितली, विचारा." मसऊदीच्या काळी उमानची माणसं पोटासाठी इथे येत होती. आता इथली माणसं पोटासाठी उमानला जातात. समुद्र तोच आहे. फरक एवढाच की तेव्हा आलेल्यांनी इथे मुळं धरली, आणि आता गेलेल्यांची मुलं सुट्टीत येऊन आपल्याच गावात पाहुण्यासारखी राहतात. अशा मुलांना मोटारीच्या काचेतून गाव दाखवून भागत नाही. त्यांना एक सायकल भाड्याने काढून द्यावी आणि दोन दिवस मोकळं सोडावं.

निघण्यापूर्वी

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात जांभ्याची वाट निसरडी होते, एप्रिल-मेमध्ये ऊन झेपत नाही. मुंबईहून येणाऱ्यांना भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोटीवर सायकल आणता येते. मांडव्याहून रेवदंडा 37-38 किलोमीटर. प्रत्येकामागे दोन लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएस, खजूर, पंक्चरचं किट, हातपंप आणि एक जादा ट्यूब. काशीद ते मुरूड दुकान मिळेलच असं नाही.

मुलींबद्दल अनेक माता विचारतात. सलवार-कमीज आणि घट्ट बांधलेला स्कार्फ पुरतो. हेल्मेटखाली पातळ टोपी घालावी, म्हणजे स्कार्फ सरकत नाही. लांब अबाया किंवा ओढणी चेनमध्ये अडकते, त्यासाठी चेनकव्हर असलेली सायकल घ्यावी आणि ओढणी कमरेशी बांधावी. आमच्या घरी दादींनी पहिल्या वर्षी नाराजी दाखवली होती. लेक संध्याकाळी परत आली, मगरिब पढली आणि दादींच्या पायाशी बसून खोकरीचं सगळं सांगत राहिली. दुसऱ्या वर्षी सांदण दादींनीच बांधून दिले.

एक गोष्ट काळजीची आहे. वाड्यांतल्या आणि डोंगराच्या कडेच्या वहिवाटीच्या वाटा दरवर्षी कमी होत आहेत. जमीन विकली जाते, कंपाउंड पडतं, लोखंडी गेट लागतं. दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही ज्या वाटेने चौलला गेलो, तिच्यावर आता भिंत आहे. नवा महामार्ग हवाच. मुरूडच्या बाळंतिणीला अलिबागच्या दवाखान्यात वेळेवर पोचायचं असेल, तर पूल आणि रस्ता लागतोच. पण वहिवाटीच्या वाटेवर गावाचा हक्क असतो आणि तो वापराने टिकतो. ग्रामसभेत त्याबद्दल बोलायला माणसं लागतात, आणि बोलणाऱ्याला ती वाट माहीत असावी लागते. जुन्या मस्जिदी, कब्रस्तानं, हमाम यांचंही तसंच आहे. ज्या वाटेने कुणी जात नाही तिच्या टोकाला काय होतं, हे चार वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही.

जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, असं कुरआनात पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. त्यासाठी फार लांब जायला नको. या सुट्टीत घरातली जुनी सायकल बाहेर काढा, ऑइल घाला, हवा भरा. आपल्या गावाच्या आसपासची एखादी कच्ची वाट मुलांबरोबर टोकापर्यंत जाऊन या. ती कुठे जाते, वाटेत काय आहे, कुणाच्या कब्री आहेत, कुणाचं देऊळ आहे, हे मुलांकडून वहीत लिहून घ्या. तीच वही ग्रामसभेलाही घेऊन जा.